वारा कोणीकडून आहे?

येवल्याहून राजापूर-ममदापूरच्या माळावर हरणं बघायला गेलेली माणसं परतताना बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात. "आम्ही बोललो नाही, हललो नाही, झुडपाआड बसून होतो. एकाही हरणानं आमच्याकडे पाहिलं नाही. मग सगळा कळप एकदम मान वर करून उभा का राहिला आणि निघून का गेला?" त्याच भागातल्या शेतकऱ्याचा प्रश्न बरोबर उलटा असतो. "बांधावर एवढा उग्र वास करून ठेवला, माणसाला उभं राहवत नाही, तरी हरणं हरभऱ्यात शिरतातच कशी?"

पहिल्याला वाटतं की आपला वास गेलाच कसा, आणि दुसऱ्याला वाटतं की वास पोहोचत का नाही. दोघांनीही एक गोष्ट पाहिलेली नसते, ती म्हणजे वारा. हरणाच्या चरण्याचा विचार करताना आपण चारा पाहतो, पाणी पाहतो, आडोसा पाहतो. पण या तिन्हींच्या मधून वाहणारी हवा दिसत नसल्यामुळे ती हिशेबात धरली जात नाही. या प्रकरणात आपण तीच हिशेबात धरणार आहोत.

१. माळ आणि त्यावरचे रहिवासी

नाशिक जिल्हा म्हटलं की त्र्यंबकचा पाऊस आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा आठवतात. जिल्ह्याची पूर्व बाजू मात्र कोरडी. येवला तालुका पर्जन्यछायेत येतो. उत्तरेला अंकाई-टंकाईचे डोंगर, आणि ईशान्येला राजापूर, ममदापूर, खरवंडी, देवदरी या गावांभोवती मुरमाड, चढउताराची जमीन, खुरटं गवत, हिवर, बोरी, बाभळी. इथेच सुमारे ५४ चौरस किलोमीटरचं ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. संवर्धन राखीव हा प्रकार वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं आला. तो अभयारण्यापेक्षा सैल आहे आणि गावकऱ्यांच्या सहभागावर चालतो. इथे वनाची हद्द आणि वावराचा बांध एकमेकांना लागून आहेत. हरणाला हद्द ठाऊक नाही, त्यामुळे माळावरचं गवत आणि शेतकऱ्याचा हरभरा ही त्याच्या दृष्टीनं एकाच चराईची दोन टोकं.

इथली हरणं म्हणजे काळविटं. प्राणिशास्त्राच्या हिशेबानं काळवीट हे चितळ-सांबरासारखं दरवर्षी शिंगं गाळणारं हरीण नसून गाय-बकरीच्या कुळातला प्राणी आहे. पण गावात सगळे हरीणच म्हणतात आणि आपणही तसंच म्हणू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत त्याला संरक्षण आहे. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास धावू शकणारा हा प्राणी उघड्या माळावर घडला. त्याच्यामागे लागणारे शत्रूही उघड्यावरचेच होते: चित्ता आणि लांडगा. चित्ता १९५२ मध्ये भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्याआधी कोल्हापूरसारख्या संस्थानांत पाळलेले चित्ते काळविटांवर सोडले जात. लांडगा अजून आहे, आणि आता त्याच्या जोडीला गावातली मोकाट कुत्री आहेत.

उघड्यावर घडलेल्या या प्राण्याचं पहिलं शस्त्र डोळा आहे. शिकारी प्राणी दूरवरून दिसला की पळायचं, असा त्याचा साधा नियम. घनदाट जंगलातल्या सांबराचं तसं नसतं. चार हातांपलीकडचं दिसत नाही तिथे सांबर नाकावर आणि कानावर जगतं. म्हणून "हरणाचं नाक तीक्ष्ण असतं" हे वाक्य सगळ्या हरणांना सारख्याच मापानं लावता येत नाही. काळविटाचं नाक कामाचं आहेच, पण ते डोळ्याच्या मागे उभं असतं. डोळा कुठे अपुरा पडतो हे कळलं की नाक कुठे पुढे येतं ते आपोआप कळतं.

२. वास प्रवास कसा करतो

वास म्हणजे पदार्थातून उडालेले अतिसूक्ष्म कण, म्हणजे रेणू. आपल्या अंगावरचा घाम, कपड्यांतला साबण, खिशातली तंबाखू, गाडीचं डिझेल, या सगळ्यांतून असे रेणू सतत सुटत असतात. त्यांना स्वतःची चाल जवळजवळ नसते. बंद खोलीत उदबत्तीचा वास दुसऱ्या कोपऱ्यात पोहोचतो तोही मुख्यतः खोलीतली हवा हलती असल्यामुळे. माळावर तर वाऱ्यावाचून वास हलतच नाही असं म्हटलं तरी चालेल.

खळ्यावरची उफणणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं समजायला वेळ लागणार नाही. उंचावर उभं राहून धान्य सोडलं की दाणे पायाशी पडतात आणि भुसकट वाऱ्याबरोबर जातं. ते एका रेषेत जात नाही. जाता जाता पसरतं, विरळ होतं, झुळूक वाढली की लांब पडतं, झुळूक फिरली की दुसरीकडेच पडतं. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून वारा येतो तिकडे उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर भुसकटाचा कणही येत नाही. खालच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडे जातो तिकडे उभा असलेल्याचे डोळे भरतात. आपल्या अंगाचा वास नेमका असाच माळावर पसरत असतो. फरक इतकाच की भुसकट शेवटी जमिनीवर बसतं, आणि वास हवेतच फाटत, तुटत, विरत जातो.

हे तुटणं महत्त्वाचं आहे. वासाचा पट्टा सलग नसतो. हवा दगडाला, झुडपाला, बांधाला अडखळते, भोवरे घेते, आणि वासाचे तुकडे होतात. तीनशे मीटरवर उभ्या असलेल्या हरणाच्या नाकाशी वास सतत येत नाही. एकदा येतो, नाहीसा होतो, पुन्हा येतो. पहिल्या तुकड्याला हरीण फक्त मान वर करतं. दुसरा-तिसरा आला की कान फिरतात, नाकपुड्या फुगतात. तिथे दिसण्यासारखं काही नसलं तरी मग ते थांबत नाही. "एकदम पळाली" असं आपल्याला वाटतं, पण त्या एकदमच्या आधी बरंच काही घडून गेलेलं असतं.

आता नाकाबद्दल थोडं. वास ओळखायला नाकात वेगवेगळे ग्राहक असतात. कोणता ग्राहक घडवायचा याची कृती जनुकांत लिहिलेली असते. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी तेरा सस्तन प्राण्यांमधली ही जनुकं मोजली. माणसात चालू स्थितीतली जनुकं सुमारे ४०० भरली, गाईत सुमारे १,२००. काळवीट गाईच्याच कुळातलं. तेव्हा काळविटाची नजर नाकापेक्षा वरचढ असली, तरी ते नाक आपल्या नाकापेक्षा फार वरच्या पायरीवर आहे असं मानायला हरकत नाही.

ओलाव्याचाही यात वाटा आहे. हवा दमट असली आणि नाकाची आतली त्वचा ओली राहिली की वास नीट पकडला जातो. म्हणून दहिवर पडलेली सकाळ आणि पहिल्या पावसानंतरची संध्याकाळ वासाच्या दृष्टीनं समृद्ध असते. मे महिन्यातल्या कोरड्या, तापलेल्या दुपारी रेणू भराभर उडतात, पण तापलेल्या हवेबरोबर तितक्याच भराभर वर जाऊन विरतात.

३. तीन खबरी

एक सोपा हिशेब करून पाहू. तुम्ही कळपापासून ३०० मीटरवर आहात आणि वारा तुमच्याकडून कळपाकडे सेकंदाला २ मीटर, म्हणजे ताशी साधारण ७ किलोमीटर वेगानं वाहतो आहे. ही झुळूकच, चेहऱ्याला जाणवते, पानं हलतात, त्याहून जास्त काही नाही. तुम्ही हात हलवलात तर ती खबर हरणाच्या डोळ्याला तत्काळ मिळते. खोकलात तर आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून ती खबर एका सेकंदाच्या आत पोहोचते. तुमचा वास पोहोचायला मात्र ३०० भागिले २, म्हणजे १५० सेकंद लागतात. अडीच मिनिटं.

गाडीतून उतरून झुडपाआड बसलेल्या माणसाला पहिली दोन मिनिटं वाटतं की आपण जिंकलो. कळप चरतो आहे, कोणी पाहिलेलं नाही. तिसऱ्या मिनिटाला कळप उठतो, आणि माणूस कारण शोधतो ते त्याच क्षणात. कारण मात्र अडीच मिनिटांपूर्वी निघालेलं असतं.

वासाची खबर उशिरा येते, पण तिला झुडूप आडवं येत नाही. डोळ्याला बोरीचं जाळं अडवतं, नाकाला नाही. शिवाय वास मागे उरतो. तुम्ही उठून गेलात तरी बसलेल्या जागेचं गवत आणि वाटेवरची माती काही काळ तुमची खबर देत राहते. म्हणून पाणवठ्याच्या काठावर उगाच फिरून येऊन मग लांब जाऊन बसण्यात काही अर्थ नसतो.

वारा जोरात असला तर तिन्ही खबरी एकदम गडबडतात. गवत सळसळतं, त्यामुळे कानाला लांडग्याचं पाऊल वेगळं ऐकू येत नाही. सगळंच हलत असल्यामुळे डोळ्याला हलणारी वस्तू वेगळी काढता येत नाही. आणि भोवऱ्यांमुळे वास कोणत्या बाजूनं आला ते कळत नाही. अशा दिवशी हरणं बिचकलेली असतात, मान वारंवार वर करतात, चरणं कमी आणि पाहणं जास्त होतं. सोसाट्याच्या दिवशी हरणं "आज फारच भित्री" वाटतात त्याचं कारण हे.

४. चरायला उतरताना

आता मूळ विषयाकडे. चरताना हरणाची एक अडचण होते: मान खाली जाते. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी चरणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांबद्दल एक सुंदर गोष्ट दाखवली. अशा प्राण्यांची बाहुली आडवी, चिरेसारखी असते, त्यामुळे क्षितिजाची पूर्ण पट्टी एकदम दिसते. आणि मान खाली घातली तरी डोळा खोबणीत फिरून बाहुलीची ती पट्टी जमिनीला समांतरच ठेवतो. म्हणजे बकरी, घोडा, हरीण चरतानाही पहारा देत असतात.

पण हा पहारा गवत खुरटं असेल तोवरच. गुडघाभर गवतात किंवा कमरेएवढ्या मक्यात तोंड घातलं की समोर फक्त धाटं दिसतात. म्हणूनच काळवीट सहसा आखूड गवताच्या मोकळ्या जागा पसंत करतं, आणि शेतात शिरलंच तर बोटभर उगवलेला हरभरा, कोवळा गहू, नुकतं उगवलेलं सोयाबीन त्याला सोयीचं पडतं. तिथे खाणं कोवळं मिळतं आणि नजरही मोकळी राहते. आपण यातलं पहिलं कारण लगेच ओळखतो, दुसरं सहसा ध्यानात घेत नाही.

पीक उंच झालं, अंधार पडला, किंवा बांधावर घाणेरी-बाभळीची दाट रांग आली, की डोळ्याचं काम नाकाकडे येतं. अशा जागी उतरण्यापूर्वी कळप बांधाशी रेंगाळतो. पुढची मादी थांबते, तोंड उंचावते, मग दोन पावलं. जिकडे दिसत नाही तिकडून वारा आपल्याकडे येत असेल तर उत्तम, कारण मग न दिसणाऱ्या बाजूची खबर नाक देतं आणि दिसणाऱ्या बाजूची डोळा. वारा उलटा असेल, म्हणजे कळपाकडून दाट पिकाकडे वाहत असेल, तर त्या दाटीत काय बसलं आहे ते दिसतही नाही आणि वासातही येत नाही. अशी जागा हरीण टाळतं, किंवा लांबून वळसा घेऊन दुसऱ्या बाजूनं येतं. माझ्या मते वाऱ्याचा हरणावरचा सगळ्यात मोठा परिणाम हाच आहे. वारा त्याला कुठे जायचं ते फारसं सांगत नाही; कोणत्या बाजूची खबर मिळणार नाही, ते सांगतो. त्या बाजूला डोळे लावायचे किंवा ती बाजूच सोडायची, हे हरीण ठरवतं.

इथे एक पक्का गैरसमज दूर करायला हवा. "हरीण नेहमी वाऱ्याच्या तोंडानं चालतं" असं पुष्कळ जण सांगतात. थोडा विचार केला तरी हे टिकत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वारा महिनोन्‌महिने पश्चिम-नैऋत्येकडून असतो. येवल्याची हरणं रोज वाऱ्याच्या तोंडानं चालत राहिली असती तर ऑगस्टपर्यंत सगळे कळप सह्याद्रीच्या कड्यावर जमा झाले असते. चारा, पाणी, बसण्याची जागा, कळपातली नरांची भांडणं या गोष्टी हालचालीची दिशा ठरवतात. वारा शेवटच्या शंभर-दोनशे पावलांत बोलतो: कोणत्या अंगानं शिरायचं, कुठे थांबायचं, केव्हा निघायचं.

५. दिवसाचा वारा, रात्रीचा वारा

वारा ऋतूप्रमाणे बदलतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो एका दिवसात किती बदलतो ते माळावर राहणाऱ्यालाच नीट माहीत असतं.

हिवाळ्यातली निरभ्र रात्र घ्या. जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि गार होते. तिला टेकलेली हवा गार होते, गार हवा जड असते, आणि जड हवा उताराकडे सरकते. अंकाईच्या बाजूच्या उतारांवरून, माळाच्या टेकाडांवरून ही हवा नाल्या-ओहोळांत उतरते आणि खोलगट जागी साचते. पहाटे टेकाडावरून नाल्यात उतरलं की पायांना एकदम थंडी लागते, ती हीच. ही हवा वास धरून ठेवते. वर जाऊ देत नाही, फार पसरूही देत नाही. पहाटे टेकाडावर बसलेल्या माणसाचा वास खाली नाल्याच्या काठानं जातो. मग वेधशाळेचा वारा कोणत्याही दिशेचा असो.

सूर्य वर आला की चित्र उलटतं. उतार तापतो, हवा हलकी होऊन चढायला लागते. साधारण नऊ-दहानंतर वरचा वारा खाली मिसळतो आणि माळावर वारा "सुटतो". उफणणीसाठी शेतकरी ज्या वाऱ्याची वाट पाहत असे तो हाच. दुपारी तो सर्वात जास्त, उन्हाळ्यात तर वावटळींसह. मावळतीला पुन्हा पडतो.

हरणांचं वेळापत्रक यावर ठेवून पाहा. काळविटं सकाळी आणि संध्याकाळी जास्त चरतात, भर दुपारी बसून रवंथ करतात. ऊन हे त्याचं पहिलं कारण आहेच. पण चरण्याच्या या दोन्ही वेळा वारा बदलण्याच्याही आहेत. सकाळी खालून वर, संध्याकाळी वरून खाली, आणि मध्ये एक स्तब्ध वेळ, जेव्हा वास कुठेच जात नाही आणि मग अचानक कुठेही जातो. कळप सर्वात जास्त वेळा मान वर करतो तो याच सांध्यावर. हरणं बघणाऱ्यांचीही फजिती बहुतेक याच वेळी होते. आलो तेव्हा वारा तोंडावर होता, अर्ध्या तासानं तो पाठीवर आलेला असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

६. चाऱ्याचा आणि पाण्याचा वास

वास फक्त धोका सांगत नाही. गवत कापलं की जो हिरवा वास येतो तो पानाच्या पेशी फुटल्यावर सुटणाऱ्या रसायनांचा असतो. पीक उभं असताना तो मंद असतो. खुरपणी झाली, जनावरं फिरली, पाणी दिलं की वाढतो. रोशा गवतासारखी सुगंधी तेलाची गवतं वासानंच आपलं रक्षण करतात. चरणारी जनावरं ती सहसा बाजूला ठेवतात. मारवेल, पवना यांसारखी गवतं मात्र आवडीनं खाल्ली जातात. कुसळी कोवळी असेपर्यंत चालते, कुसळं धरली की सोडून दिली जाते. चारा जवळून निवडताना, तोंड जमिनीशी असताना, नाक आणि ओठ मिळून काम करतात.

उन्हाळ्यात वन विभाग माळावरच्या कृत्रिम पाणवठ्यांत टँकरनं पाणी सोडतो. पाण्याला स्वतःला वास नसतो, पण तापलेल्या मातीला पाणी लागलं की जिओस्मिन नावाचं द्रव्य हवेत येतं. पहिल्या पावसाचा मातीचा वास मुख्यतः त्याचाच. माणसाचं सामान्य नाकसुद्धा तो एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग इतका विरळ असतानाही ओळखतं. वाऱ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या प्राण्याला ही खबर किती दुरून मिळू शकेल याची कल्पना यावरून करता येते.

७. नराच्या खुणा

काळ्या-पांढऱ्या नराच्या डोळ्याखाली एक काळी खाच दिसते. ती ग्रंथी आहे. तिच्यातून काळसर चिकट स्राव येतो आणि नर तो काडीच्या, गवताच्या टोकाला लावत फिरतो. शिवाय आपल्या हद्दीत तो ठरावीक जागीच लेंड्या टाकतो, त्यामुळे माळावर लेंड्यांचे ढीग दिसतात. दुसऱ्या नरासाठी ही पाटी असते, चरत आलेल्या मादीसाठी ओळख. मादीच्या मूत्राचा वास घेऊन नर वरचा ओठ मुरडून तोंड उंच धरतो तेव्हा तो टाळूजवळच्या खास अवयवाकडे तो वास पोहोचवत असतो. मादी माजावर आहे का हे त्याला त्यातून कळतं. चांगल्या चराईच्या जागेवर नर हद्द धरून बसतो कारण माद्या तिथे येणारच. म्हणजे चाऱ्याची जागा ही वासांनी लिहिलेली जागाही असते. ढिगांवरून गाडी घालणारे हौशी लोक काय पुसतात याची त्यांना कल्पना नसते.

८. बांधावरचा उग्र वास

आता शेतकऱ्याचा प्रश्न. हा प्रश्न गंभीर आहे. रात्रीत एक कळप दोन-तीन वाफे साफ करतो, आणि नुकसानभरपाईचा अर्ज भरून पीक परत येत नाही. म्हणून लोक सुचेल ते करतात: सलूनमधले केस पसरतात, सडक्या अंड्यांचं पाणी फवारतात, जुनी लुगडी बांधतात, उग्र औषधांच्या पुड्या टांगतात.

वासाच्या उपायामागे तथ्य आहे. मांसाहारी प्राण्यांच्या मूत्रात एक विशिष्ट रसायन तृणभक्षींपेक्षा पुष्कळ जास्त असतं आणि उंदरांसारखे भक्ष्य प्राणी ते टाळतात, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. सडक्या अंड्यांचा वास चालतो तोही कुजलेल्या प्रथिनांतल्या गंधकामुळे. मांस खाणाऱ्याच्या विष्ठेला तसाच वास असतो. पण उपाय फसतो तो दोन कारणांनी.

पहिलं कारण वारा. समजा तुमचं अडीच एकराचं वावर आहे, साधारण १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद. वारा पश्चिमेकडून आहे. तुम्ही वासाचे बोळे पूर्वेच्या बांधावर टांगले, कारण पलीकडे वन आहे आणि हरणं तिकडूनच येतात. वास पूर्वेकडे, वनात गेला. पूर्वेकडून येणाऱ्या कळपाला तो लागला, कळप थांबला, इथवर बरोबर. पण कळपानं वळसा घेतला आणि उत्तरेच्या किंवा पश्चिमेच्या बांधावरून आत उतरला तर त्याच्या नाकाला काहीच लागत नाही. तेच बोळे पश्चिमेच्या बांधावर टांगले असते तर वास सगळ्या वावरावरून वाहत पूर्वेच्या बांधापर्यंत आला असता. अर्थात शंभर मीटरवर तो विरळ झाला असता. म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाला एक ओळ आणि वावराच्या मध्ये एक, असं करणं जास्त शहाणपणाचं. आणि रात्री वारा पडून हवा उतारानं सरकते हे लक्षात ठेवून वावराची वरची, चढाची बाजू कधीही मोकळी सोडू नये. कळप येतो रात्री, आणि बोळे टांगताना आपण पाहतो दुपारचा वारा.

दुसरं कारण सवय. ज्या वासामागून कधीच काही धोका आला नाही तो वास हरीण काही दिवसांत मनावर घेत नाही. म्हणून वास बदलत राहावा लागतो, आणि त्याला माणसाच्या जागत्या फेरीची जोड असली तरच तो टिकतो. रोज रात्री मचाणावर शेकोटी करून बसणाऱ्या जुन्या राखणदाराचा वास, आवाज आणि हालचाल तिन्ही खरे होते.

एक इशारा इथेच. फोरेटसारखी जहाल कीटकनाशकं त्यांच्या वासासाठी बांधावर टांगण्याची पद्धत पडली होती. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानं फोरेट २०२० अखेर बंद झालं. जुना साठा कोणाकडे असेल तर तो बांधावर येता कामा नये. तो हरणाला पळवण्याआधी मोराला, मेंढपाळाच्या कुत्र्याला आणि पोरांना मारू शकतो.

९. बघायला जाणाऱ्यांसाठी

पारधी समाजात फासेपारधी, हरणपारधी, चितापारधी, गायपारधी अशी पोटनावं आहेत. गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशानं सावजाजवळ जात. गाय डोळ्याला फसवते आणि तिचा ओळखीचा वास नाकालाही बिचकवत नाही. डोळा आणि नाक या दोन्हींचा विचार एकाच युक्तीत करणारं हे ज्ञान फार बारीक निरीक्षणातून आलेलं आहे. शिकार आता कायद्यानं बंद आहे आणि ती बंदच राहायला हवी. पण माळाचं हे ज्ञान टिपून ठेवलं पाहिजे, आणि वनरक्षक, वाटाडे म्हणून या समाजातल्या तरुणांना पहिली संधी मिळाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याला गाईची गरज नाही. मूठभर कोरडी माती सोडून पाहायची, ती कुठे जाते ते बघायचं, आणि वारा आपल्या तोंडावर येईल अशा बाजूनं जायचं. अत्तर, डासांचं मलम, विडी-सिगारेट टाळायची. वारा बदलल्याचं जाणवलं की जागा बदलायची नाही, उठून मागे यायचं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर प्राणीगणनेसाठी मचाणावर बसणाऱ्या स्वयंसेवकांनी तर दिवसा उजेडीच रात्रीच्या वाऱ्याची बाजू ठरवून मचाण निवडलं पाहिजे, कारण रात्री वारा पडल्यावर वरचा वास उताराच्या बाजूनं खाली येतो.

ही काळजी केवळ चांगल्या फोटोसाठी नाही. मे महिन्यात पाण्यावर आलेला कळप पाणी न पिता परत गेला तर त्याला तहानेनं दूरच्या वस्तीकडे जावं लागतं. तिथे कुत्री असतात, रस्ता असतो आणि कठडा नसलेल्या विहिरी असतात. कुत्र्यांच्या भीतीनं धावत सुटलेली हरणं विहिरीत पडल्याच्या बातम्या या तालुक्यातून वर्षानुवर्षं येत आहेत.

१०. बिनवासाचं पाडस

वाऱ्याविरुद्ध सर्वात हुशार बचाव कळपातल्या सर्वात लहान जिवाचा आहे. काळविटाची मादी सहा महिन्यांच्या आसपास गाभण राहते आणि एकच पाडस देते. पहिले काही दिवस पाडस तिच्यामागे धावत नाही. गवतात अंग चोरून पडून राहतं. मादी वार खाऊन टाकते, पाडसाला चाटून स्वच्छ ठेवते, त्याचं मलमूत्रही चाटते, म्हणजे लांडग्याच्या किंवा कोल्ह्याच्या नाकाला धागा मिळू नये. ती स्वतः लांब चरत राहते, कारण तिच्या अंगाचा वास पाडसाजवळ रेंगाळला तर शत्रू तोच पकडेल. दूध पाजायला ती दिवसातून मोजक्याच वेळा येते.

हरभऱ्यात किंवा गवतात असं एकटं पाडस सापडलं की भल्या माणसाला ते पोरकं वाटतं. तो उचलून घरी आणतो, बाटलीनं दूध पाजतो. तिथेच त्याच्या जगण्याची शक्यता घटते. ते पोरकं नसतं. आई वाऱ्याच्या अंतरावर असते. पाडसाला हात लावू नये, भोवती गर्दी करू नये, कुत्री बांधून ठेवावीत, आणि आपण त्या जागेपासून लांब जाऊन आईला वाट मोकळी करावी. पाडस जखमी असेल, विहिरीत किंवा रस्त्यावर असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं आणि माणसं येईपर्यंत लांबूनच राखण करावी.